हाताला येतं, तोंडाला येत नाही

पत्र :

सर, नमस्कार. माझं वय ३८. राहायला पाथर्डी फाट्याला. दहावी पास, आयटीआय नाही. मामासोबत हेल्पर म्हणून लागलो, तेव्हापासून वायरिंगच करतोय. बंगले, अपार्टमेंट, अंबडच्या कंपन्यांचे शेड, द्राक्षाच्या सीझनला दिंडोरीकडे मोटारी आणि स्टार्टर. हाताखाली तीन पोरं आहेत. पण परवाना नाही. मागच्या खेपेला वायरमनच्या परीक्षेला बसलो. लेखी कसंबसं निघालं, तोंडीत गेलो. अर्थिंग कशासाठी करतात, असं विचारलं. मी म्हणालो, शॉक लागू नये म्हणून. ते म्हणाले, "कसं?" माझ्या तोंडून शब्दच फुटेना. शे-दोनशे अर्थिंग तरी मी या हातांनी केली असतील! बाहेर आलो तर वीस-बावीस वर्षांची पोरं हसत होती. मला हसत होती की आपापसात, देव जाणे.

आता परत बसायचंय. पण गणित बसत नाही. नववीतला मुलगा शिकवतो, त्याच्यापुढं लाज वाटते. ठेकेदारसाहेब अनुभवाचा दाखला आज देतो, उद्या देतो करतात. आणि एक जण म्हणतो, वीस हजार टाक, घरबसल्या परवाना आणून देतो. बायको म्हणते, इतकी वर्षं चाललं तसंच चालू द्या. काय करू?

– एक वायरमन (कागदावर हेल्पर), नाशिक

उत्तर :

वायरमनसाहेब,

सहीखाली कंसात जे लिहिलंत ते वाचून पत्र दोन मिनिटं बाजूला ठेवलं. मी २९ वर्षं आयटीआयमध्ये निदेशक होतो. माझ्या हाताखालून गेलेली अशी कितीतरी पोरं मला माहीत आहेत, ज्यांच्या खिशात परवाना आहे आणि डीबीचं (फ्यूज-एमसीबीच्या मुख्य डब्याचं) झाकण उघडताना हात थरथरतो. तुमचं नेमकं उलटं झालंय. वयानं तुम्ही माझ्या थोरल्याएवढे, पण कामातल्या माणसाला मी अहो-जाहोच करतो, तेव्हा तसंच चालू ठेवतो.

वीस हजारांच्या माणसाचा निकाल आधी लावून टाकू. नाही म्हणून सांगा आणि त्याचा फोन उचलू नका. कारण सोवळेपणाचं नाही, सरळ व्यवहाराचं आहे. परवाना कुणी कधी विचारतं? घरात दिवे लागताहेत, पंखे फिरताहेत, तोवर कुणीच नाही. विचारतात ते कुणाला तरी लागल्यावर. विजेचा अपघात झाला की वीज कायदा २००३ च्या कलम १६१ खाली विद्युत निरीक्षकांकडे खबर जाते, चौकशी लागते, आणि वायरिंग कुणी केलं हा प्रश्न पहिल्या पाचात असतो. त्या दिवशी तुमच्या हातातला कागद खोटा निघाला, तर हेल्पर म्हणून जेवढे अडकला असता त्याच्या दसपट अडकाल. आणि तो माणूस तेव्हा कुठे असेल हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आता दाखला. तुमचे ठेकेदार वाईट आहेत असं पत्रावरून वाटत नाही. ते घाबरलेत. त्यांना वाटतं, याला परवाना मिळाला की हा पोरं घेऊन चालला. पण जरा त्यांच्या बाजूनं हिशेब करा. वायरिंगचं काम अनुज्ञप्ती असलेल्या ठेकेदारानं घ्यायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हायचं आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे परवाना पाहिजे, ही तीन पायऱ्यांची चौकट १९५६ च्या भारतीय वीज नियमांतल्या ४५व्या नियमापासून चालत आलेली आहे. पुढे २०१० ला केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षेचे विनियम आले, २०२३ ला ते नव्यानं आले, चौकट तीच राहिली. म्हणजे तुमचा परवाना हा त्यांच्याही कागदाला आधार आहे. महावितरणकडे नव्या जोडणीसाठी टेस्ट रिपोर्ट जातो त्यावर सही त्यांची असते, आणि बिनपरवान्याच्या माणसाच्या कामावर सही करताना जोखीमही त्यांचीच असते. हे त्यांना कुणी मोकळेपणानं सांगितलेलं नसेल.

सांगायचं कसं ते सांगतो. साइटवर नाही, पोरांसमोर नाही, पगार घेताना तर मुळीच नाही. त्यांच्या घरी जा. वहिनींनी चहा आणला की विषय काढा. "साहेब, मी कुठं जात नाही, सिंहस्थाचं काम तोंडावर आहे, तेवढं तरी आपण मिळून करू," असं म्हणा. मात्र खरंच जायचं नसेल तरच हे म्हणा. २०२७ च्या सिंहस्थासाठी तपोवनापासून त्र्यंबकपर्यंत तात्पुरत्या वायरिंगचं केवढं काम निघणार आहे हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना परवान्याची माणसं लागणारच आहेत. आणि अर्जाची तारीख, शुल्क, कागदांची यादी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात स्वतः जाऊन बघून या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवर जाऊ नका, त्यातले निम्मे मागल्या वर्षीचे असतात.

हे झालं बाहेरचं. आता त्या "कसं?" कडे येऊ. माझ्या मते तुमची सगळी परीक्षा त्या एका शब्दात आहे.

"शॉक लागू नये म्हणून" हे तुमचं उत्तर चुकीचं नव्हतं, अर्धं होतं. उरलेलं अर्धं तुमच्या हातात आहे, ते फक्त तोंडाशी आलेलं नाही. बघा. एका बंगल्यात तुम्ही गीझर लावलाय. दोन वर्षांनी आतल्या कॉइलचं इन्सुलेशन गेलं आणि फेज, म्हणजे वीज आणणारी तार, बाहेरच्या पत्र्याला टेकला. अर्थिंग नसेल तर काय होईल? काहीच नाही. पाणी तापेल, दिवा लागेल, एमसीबी (जादा करंटला आपोआप बंद होणारा स्विच) पडणार नाही. पत्रा मात्र २३० व्होल्टवर गप्प बसून राहील, कुणीतरी ओल्या हातानं नळ सोडेपर्यंत. आता अर्थिंग आहे असं धरा. पत्र्यातून अर्थच्या वायरनं करंटला मोकळी वाट मिळाली. किती जाईल? व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स. त्या सगळ्या वाटेचा रेझिस्टन्स मिळून १ ओहम असला, तर २३० अँपिअर. सी कर्व्हचा एमसीबी त्याच्या आकड्याच्या पाच ते दहा पट करंटला झटक्यात पडतो. म्हणजे १६ चा असेल तर फार फार तर १६० ला. २३० म्हटल्यावर तो पडणारच. पत्र्याला कुणाचा हात लागायच्या आधीच लाइन गेलेली असेल. अर्थिंगचं खरं काम हे आहे. फॉल्टचा करंट इतका मोठा करायचा की फ्यूज किंवा एमसीबीला पडण्यावाचून गत्यंतर नाही.

थांबा, अजून अर्धं उत्तर बाकी आहे, आणि तिथं तुम्ही त्या विशीतल्या पोरांच्या पुढं आहात. तुमच्या पाथर्डी फाट्याकडून पांडवलेण्याच्या अंगाला किती ठिकाणी तुम्ही खड्डा खणला असेल. वर थोडी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, पहार आपटली की ठिणगी. असा खड्डा मे महिन्यात वाळून खडखडीत होतो. समजा त्या वाटेचा रेझिस्टन्स २० ओहम झाला. २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. १६ चा एमसीबी साडेअकराला कशाला पडेल? तो तर मजेत बसून राहणार. खड्डा आहे, वायर आहे, बोर्डात हिरवी जोडलेली आहे आणि तरीही पत्रा जिवंत! म्हणून खड्ड्यात कोळसा आणि मीठ, म्हणून वरच्या फनेलातून पाणी, म्हणून जीआय पाइप अडीच मीटरचा, हातभर नाही. आणि म्हणूनच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. फेजनं गेलेला आणि न्यूट्रलनं परत आलेला करंट यांचा तो मेळ घालत बसतो, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की पडतो. साडेअकरा अँपिअर तर त्याला डोंगराएवढे.

हे एवढं परीक्षकांना सांगितलं असतंत, तर पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नसता असं मी म्हणणार नाही. विचारलाच असता. पण सूर वेगळा असता.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो, म्हणजे तुमची लाज थोडी उतरेल. पर्यवेक्षकाच्या परीक्षेत मला विचारलं होतं, न्यूट्रलला हात लावला तर शॉक का बसत नाही. तेव्हा मी आधीची चार वर्षं साइटवर काढलेली होती. साइटवर न्यूट्रलला सगळे 'ठंडा' म्हणायचे. मी छातीठोकपणे उत्तर दिलं, "सर, तो ठंडा असतो म्हणून." समोरचे दोघं एवढे हसले की एकानं चष्मा काढून पुसला. खरं उत्तर असं की ट्रान्सफॉर्मरचा स्टार पॉइंट, म्हणजे तिन्ही फेजच्या गुंडाळ्या जिथं एकत्र जुळतात ती जागा, अर्थ केलेला असतो, त्यामुळे न्यूट्रल आणि जमीन यांच्यात जवळपास फरकच नसतो. पण वाटेत न्यूट्रल तुटला, की तुटलेल्या जागेपुढचा तोच 'ठंडा' चांगला तापतो. मी नापास झालो. त्या बाकावर मी बसून आलोय, म्हणून ही गोष्ट.

ही गोष्ट आठवायचं आणखी एक कारण आहे. तुम्हाला कदाचित कडू लागेल. इतक्या वर्षांत तुमच्या हाताला जे चांगलं आलं त्याच्याबरोबर साइटनं वाईटही बरंच शिकवलंय, आणि प्रात्यक्षिकात ते आपोआप बाहेर येतं. थ्री-पिन सॉकेटमध्ये अर्थ आलेला नाही म्हणून न्यूट्रलवरून इवलासा तुकडा मारून अर्थच्या भोकात देणं. केलंय ना? मी विचारतोय म्हणून नाही म्हणू नका. फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लागला, मालक खूश. पण मागे कुठंतरी न्यूट्रल सुटला की फ्रिज, मिक्सर, इस्त्री, सगळ्यांच्या अंगावर त्याच तुकड्यातून फेज उभा राहतो. परीक्षक एवढी एक गोष्ट बघून पेन खाली ठेवतात. तसंच स्विच न्यूट्रलमध्ये टाकणं. दिवा बंद होतो, पण होल्डरमध्ये फेज तसाच असतो आणि बल्ब बदलणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. तसंच पिशवीत जो रंग उरला तो ओढणं. परीक्षेत तरी लाल-पिवळा-निळा फेजला, काळा न्यूट्रलला, हिरवा अर्थला, यात सूतभरही फरक नको. आणि पाइपाच्या मधोमध टेप मारलेला जॉइंट! झिरी बुजवल्यावर कुणाला दिसणार, असं आपण म्हणतो. माझ्या घराच्या हॉलमध्ये असा एक जॉइंट निघाला होता. कुणी केला होता ते सांगत नाही, तो आता फार मोठा माणूस आहे.

तेव्हा पहिले पंधरा दिवस पुस्तक उघडूच नका. रोज साइटवर जे काम कराल त्यातल्या एका गोष्टीला स्वतःलाच विचारा, "हे असंच का?" आणि उत्तर मनात ठेवू नका. तुमच्या तीन पोरांतला सगळ्यात धाकटा, ज्याला काहीच येत नाही, त्याला मोठ्यानं समजावून सांगा. त्याला सांगून ठेवा की, "कळलं नाही तर 'कसं?' म्हणायचं." पहिल्या दिवशी तुम्ही अडखळाल, चिडाल, "गप वायर धर" म्हणाल. आठवड्यानं वाक्यं आपोआप यायला लागतील. तोंडी परीक्षेला याहून चांगला क्लास मला तरी माहीत नाही, आणि फी म्हणाल तर एक मिसळ.

तुमच्या कामातून काय काय निघेल याचा एक नमुना देतो. दिंडोरीकडे तुम्ही मोटारी बसवता. डीओएल, म्हणजे मोटार थेट लाइनवर सुरू करणाऱ्या, स्टार्टरमध्ये नो व्होल्ट कॉइल कशासाठी असते, हा परीक्षेतला नेहमीचा प्रश्न. गाइडमधलं उत्तर एका ओळीचं, पुरवठा गेल्यावर मोटार बंद व्हावी आणि आल्यावर आपोआप चालू होऊ नये म्हणून. पोरं ते पाठ करतात. तुम्ही ते डोळ्यांनी बघितलंय. शेतकरी रात्री उठायला नको म्हणून ऑटो स्विच लावून ठेवतो. सगळ्या शिवारानं लावलेला असतो. लाइन आली की एका डीपीवरच्या (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) वीस मोटारी एकदम उचलतात. डायरेक्ट सुरू होणारी मोटार त्या घटकेला नेहमीच्या सहापट करंट ओढते. मग काय, डीपीवरचा फ्यूज जातो किंवा डीपीच जळतो आणि ऐन फुगवणीच्या वेळी बागेला आठ दिवस पाणी नाही. महावितरण दरवर्षी ओरडून सांगतं, ऑटो स्विच काढा, कपॅसिटर लावा. नो व्होल्ट कॉइल नेमकं जे होऊ देत नाही, ते आपण ऑटो स्विच लावून घडवून आणतो. हे उत्तर तुम्ही दिलंत तर परीक्षक तुमच्याकडे मान वर करून बघतील.

गणिताचं भूत मोठं करू नका. वायरमनच्या परीक्षेला लागणारं गणित गुणाकार-भागाकाराच्या पुढं फारसं जात नाही, आणि त्यातलं बरंच तुम्ही रोज करता, फक्त त्याला सूत्र म्हणत नाही. पाच एचपीच्या थ्री फेज मोटारीला किती करंट लागेल, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणाल, साडेसात अँपिअर. का? एचपीला दीड अँपिअर, साइटवरचा ठोकताळा. आता सूत्रानं करून बघा. एक एचपी ७४६ वॅट, पाचाचे ३७३०. भागायचं १.७३ गुणिले ४१५ व्होल्ट गुणिले पॉवर फॅक्टर ०.८ गुणिले मोटारीची कार्यक्षमता ०.८५ यानं. खाली साधारण ४८८ येतात. ३७३० भागिले ४८८, उत्तर सात पूर्णांक सहा. तुमचा ठोकताळा आणि पुस्तकाचं सूत्र एकाच आकड्यावर आले! मी वर्गात हे करून दाखवायचो तेव्हा आयटीआयच्या पोरांना काहीच वाटायचं नाही, कारण त्यांना ठोकताळा माहीत नसायचा. बाहेरून आलेल्या कामगारांचे डोळे मात्र चमकायचे.

घरच्या बिलावर युनिटचं गणित करा. १५०० वॅटचा गीझर रोज अर्धा तास म्हणजे पाऊण युनिट, ३० दिवसांचे साडेबावीस. असं घरातल्या प्रत्येक वस्तूचं करा आणि बेरीज बिलाशी ताडून बघा. हे मुलाबरोबर करा. तुम्हाला त्याची लाज वाटते म्हणता, पण त्याला ओहमचा नियम पुस्तकातून येतो, त्यानं आजवर एकही बोर्ड उघडलेला नसेल. एका रविवारी सिरीज बोर्ड घरी आणा, दोन बल्ब आधी सिरीजमध्ये आणि मग पॅरलल लावून त्याला दाखवा. त्याचे वीज प्रकरणाचे मार्क वाढतील आणि तुमच्या घरातल्या गुरू-शिष्याच्या जागा दर दहा मिनिटांनी बदलत राहतील.

नियमांचा भाग पाठच करावा लागतो, त्याला इलाज नाही. दिव्यांच्या एका सर्किटवर जास्तीत जास्त १० पॉइंट किंवा ८०० वॅट, पॉवरच्या सर्किटवर दोन सॉकेट. (८०० वॅटचा आकडा पिवळ्या बल्बच्या जमान्यातला. एलईडीच्या घरात तो भरणं मुश्कील, पण विचारतात.) इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजायच्या यंत्रानं) तपासायचं, आणि जुना हिशेब असा की ५० ला एकूण पॉइंटनी भागलं की येतील तेवढे मेगओहम तरी पाहिजेत. १०० पॉइंटांच्या इमारतीला अर्धा मेगओहम. एक सावधगिरी बाळगा. बाजारातल्या बऱ्याच गाइडांत अजून १९५६ चे नियमच छापलेले असतात. उत्तर देताना "जुन्या नियमानुसार" असं म्हणायची सवय ठेवा, म्हणजे नव्याचा विषय निघाला तर तुम्ही गाफील नव्हता एवढं दिसतं.

प्रात्यक्षिकात जिन्याचं टू-वे, गोडाऊन वायरिंग, ट्यूबचं कनेक्शन, डीओएल स्टार्टर, हे तुम्ही डोळे मिटून कराल. अडाल ते जॉइंटमध्ये. मॅरिड जॉइंट, ब्रिटानिया जॉइंट हे साइटवर आता कुणी करत नाही, सगळीकडे कनेक्टर. पण आयटीआयच्या पोरांनी ते घोटलेले असतात. जुन्या तारेचे तुकडे घेऊन रात्री टीव्ही बघताना वळत बसा. विड्या वळणाऱ्या बायकांसारखा हात बसला पाहिजे.

आकृतीचंही तसंच. दिवसभरात केलेलं एक सर्किट रात्री वहीत पेन्सिलनं काढायचं, रोज एक. पहिली वीस भयाण येतील. अभ्यासाला म्हणून वेगळा वेळ पहाटेचा ठेवा, साइटला निघायच्या आधी चाळीस मिनिटं. दिवसभर झिरी फोडून आलेल्या माणसानं रात्री पुस्तक धरलं की पुस्तकच त्याला झोपवतं. घरात जागा नसेल तर सुट्टीच्या दिवशी एखादी अभ्यासिका गाठा. तिथं स्पर्धा परीक्षेची पोरं बघतील तुमच्याकडे, बघू देत.

शॉक लागलेल्या माणसाला काय कराल, हे विचारतातच. दुकानात टांगलेल्या जुन्या तक्त्यांवर पालथं झोपवून पाठ दाबण्याची पद्धत असते. ती माहीत असू द्या, पण सांगा आजची. आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं माणूस बाजूला, हातानं नाही. १०८ ला फोन. श्वास चालू नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब, दर ३० दाबांनंतर दोन श्वास. हे फक्त परीक्षेपुरतं शिकू नका. तुमच्या तिन्ही पोरांनाही शिकवा. तुम्ही पडलात तर उचलणार तेच आहेत.

परीक्षेच्या दिवशी मूळ कागद, फोटो, स्वतःची पक्कड, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, चाकू. रबरी तळाचे बूट. अंगठी आणि हातातलं कडं घरी. टेबलापाशी गेल्यावर पहिल्यांदा मेन बंद करा आणि तोंडानं म्हणा, "मेन बंद केला." मग टेस्ट लॅम्पनं लाइन गेल्याची खात्री करा, तेही म्हणा. साइटवर तुम्ही बोटाच्या मागच्या बाजूनं बघता, मला माहीत आहे. तिथं ते केलंत तर खेळ संपला. आणि एखादा प्रश्न नाहीच आला तर "सर, हे काम मी केलेलं नाही" असं सरळ म्हणा. जुन्या माणसाची थाप लगेच पकडली जाते, कारण ती आत्मविश्वासानं मारलेली असते. ठंडा-गरम मात्र म्हणू नका. त्या शब्दाचा मान माझ्याकडेच राहू द्या.

तुमच्या घरच्या वहिनींचं म्हणणं मी टाळलं असं वाटेल. इतकी वर्षं चाललं ते खरं आहे. पण ते तुम्ही इतकी वर्षं ठेकेदारांच्या सहीच्या सावलीत चाललात म्हणून. उद्या त्यांनी धंदा बंद केला, मुलाकडे पुण्याला गेले, तर अंबडच्या कुठल्या गेटवर तुम्हाला आत घेतील? गेट पासच्या अर्जात परवाना क्रमांकाचा रकाना असतो, तो तुम्ही आजवर कसा भरलात हे वहिनींना एकदा सांगून बघा. मला वाटतं परीक्षेच्या दिवशी डबा त्याच भरून देतील.

जाता जाता एक प्रश्न. गाइड न उघडता, मुलाला न विचारता, चार ओळींत उत्तर लिहून पाठवा. थ्री फेजच्या बंगल्यात तिन्ही मजले वेगवेगळ्या फेजवर आहेत. मीटरजवळ न्यूट्रल सुटला. तळमजल्यावरचा बल्ब मंद झाला आणि वरच्या मजल्यावरचा झगझगून फुटला. हे तुम्ही नक्की बघितलंय, जाऊन दुरुस्तही केलंय. पण तळमजल्यावरच मंद आणि वर जास्त, असं का? आणि कुठल्या मजल्यावर त्या वेळी इस्त्री चालू होती?

तुमचा,
निवृत्त निदेशक